मी सांगितलेला सांता

दुसऱ्याची माहिती दुरुस्त करायची मला जुनी खोड आहे. पुण्यात अकरा वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा त्या खोडीचा पगार मिळायचा. नवऱ्याला अबुधाबीत नोकरी लागली आणि मी घरी बसले, तशी ती फुकटात चालू राहिली. मिरची म्हणजे अस्सल आपली, असं कुणी म्हणालं की मी पोर्तुगीजांना घेऊन हजर. नवरा म्हणायचा, "हिला विचारलं नाही तरी सांगते, आणि विचारलं तर जास्तच सांगते." लोक हसायचे. मीही हसायचे, कारण मला ते कौतुकच वाटायचं. ही खोड एका घराच्या मुळावर आली, आणि ते लिहून काढायला मला इतकी वर्षं लागली.

आम्ही तेव्हा खलिफा सिटीत एका व्हिलात राहत होतो. म्हणजे व्हिलाच्या एका तुकड्यात. एका अरबी कुटुंबासाठी बांधलेलं ते घर, जिप्समच्या भिंती घालून त्याचे सहा पोर्शन केलेले. तळमजल्यावर आम्ही आणि आमच्या डोक्यावर वसईचं एक ख्रिस्ती कुटुंब: तो, ती आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. बाकी चार पोर्शनमध्ये दोन मल्याळी कुटुंबं, एक हैदराबादी, एक लाहोरचं. वरच्यांशी आमचं मराठीमुळे सूत जमलं. ती मला ताई म्हणायची, तो वहिनी म्हणायचा. गणपतीत आमच्याकडून मोदक वर जायचे, नाताळात वरून फुगे, म्हणजे त्यांचे तळलेले गोल पाव, आणि केक खाली यायचा. इंद्याळ खायला मात्र माझा नवरा स्वतः वर जायचा, कारण माझ्या स्वयंपाकघरात मांस चालत नव्हतं आणि त्यांच्या स्वयंपाकघराबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

नाताळाच्या आधीच्या शुक्रवारी व्हिलाच्या अंगणात मुलांची पार्टी असायची. ती वरचेच करायचे. वसईला त्यांच्या गावात अशीच पद्धत होती म्हणे. आईबापांनी आपापल्या पोरासाठी भेट आणायची, कागदात गुंडाळून वर नाव लिहायचं आणि चार दिवस आधी गुपचूप वर नेऊन द्यायची. वीस दिरहमच्या वर जायचं नाही. वीस दिरहम म्हणजे अडीचशे रुपये, असं सगळे लगेच मोठ्याने म्हणायचे. पार्टीच्या दिवशी तो सांता होऊन बाहेरच्या जिन्यावरून घंटी वाजवत उतरायचा आणि एकेकाचं नाव पुकारून भेट द्यायचा. सांता म्हणून तो बेताचाच. अंगाने काटकुळा, पोटाला बांधलेली उशी दर वेळी कुशीवर घसरलेली. पण लाहोरच्या घरातली दोन्ही पोरं त्याच्या गळ्यात पडायची आणि त्या वेळी त्याचा चेहरा दाढीच्या आतूनही बघण्यासारखा असायचा.

दोन हजार आठचा तो नाताळ. दुबईतली कामं बंद पडायला लागली होती. लोक दबक्या आवाजात बोलायचे, "उसका खलास हो गया," आणि 'उसका' म्हणजे कुणाचं हे विचारण्याआधी आजूबाजूला बघायचे. माझा नवरा तेलकंपनीत होता, त्यामुळे आम्हाला धक्का नव्हता. धक्का नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरातलं जरा जास्तच ऐकू येतं.

वरचा दुबईच्या एका बांधकाम कंपनीत परचेसमध्ये होता. रोज पहाटे गाडी काढायचा, संध्याकाळी परत यायचा. त्याची नोकरी नोव्हेंबरच्या मध्यावरच गेली होती. डिसेंबर संपला की व्हिसा रद्द होणार होता आणि त्यानंतर महिनाभरात दुसरी नोकरी मिळाली नाही तर तिघांनी बिऱ्हाड आवरून वसई गाठायची होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. व्हिलात कुणालाच नव्हतं, आणि ते तसंच राहायला हवं होतं. कारण त्या दिवसांत नोकरीत असलेल्यालाच नोकरी मिळायची. घरी बसलेल्याला "बघू, इन्शाल्ला" मिळायचं. त्याने अबुधाबीच्या एका कंपनीतला मॅनेजर गाठला होता. त्याला सांगितलं होतं, मी नोकरीत आहे, फक्त रोजचा दुबईचा प्रवास झेपत नाही म्हणून बदल हवा आहे. बोलणी होत आली होती. त्या मॅनेजरला त्याने बायकापोरांसह आमच्या अंगणातल्या पार्टीला बोलावलं होतं.

मला काही माहीत नव्हतं हे खरं, पण काहीच दिसत नव्हतं हे खरं नाही. दिवसा डोक्यावर पावलं वाजायची. जड पावलं, पुरुषाची. एकदा तिला जिन्यात गाठून मी डोळा मारला, "काय गं, दिवसाढवळ्या कोण येतं तुझ्याकडे?" ती हसली आणि म्हणाली, "कपाट सरकवत होते, ताई." मी म्हटलं, "रोज?" ती पुन्हा हसली. वरचे पडदेही दिवसभर ओढलेले असायचे. इतकी छान थंडी पडली आहे आणि ही खिडक्या बंद करून बसते, असं मी नवऱ्याला दोनदा म्हणाले. तो म्हणाला, "तू आपलं खाली बघ."

पार्टीच्या दिवशी दुपारी साडेतीनच्या, असरच्या अजाननंतर आम्ही अंगणात सतरंज्या घातल्या, खुर्च्या मांडल्या. हैदराबादीणबाईंनी बिर्याणी केली होती. मॅनेजर आला; पन्नाशीचा, शांत, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ. त्याला चांगली खुर्ची दिली. मुलं सतरंजीवर बसली, पंधरा-सोळा असतील. आणि सांता काही येईना. त्याच्या दाढीचं इलॅस्टिक तुटलं होतं. तिने वरून वाकून मला हाक मारली, "ताई, दहा मिनिटं मुलांना जरा सांभाळा ना."

सांभाळा म्हणाली होती. मी शिकवायला बसले.

"सांता कुठून येतो?" मी विचारलं. चार भाषांची मुलं, म्हणून इंग्रजीत. "नॉर्थ पोल!" सगळी ओरडली. झालं. चुकीचं उत्तर ऐकलं की माझ्या अंगात येतं. मी सांगितलं, नॉर्थ पोल वगैरे काही नाही. तो तुर्कस्तानच्या समुद्रकाठचा माणूस, इथून चार-साडेचार तासांच्या विमानावर. तिथे ना बर्फ, ना हरणं. तो एक बिशप होता, बहुधा सावळा, उपास करणारा. डच लोकांनी त्याला जपला, त्यांच्याबरोबर तो अमेरिकेत गेला आणि तिथल्या दुकानदारांनी त्याला खाऊपिऊ घालून लठ्ठ केला. मोठी माणसं हसली. मॅनेजरही हसला. मला चेव आला.

मग मी तीन मुलींची गोष्ट काढली. बिशपच्या गावात एक व्यापारी होता, त्याचा धंदा बुडाला. तीन मुली, लग्नाला पैसा नाही. त्यांना विकायची पाळी आली. एकदा बिशप त्या घरावरून जात असताना त्याला खिडकीतून आतलं बोलणं ऐकू आलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी अंधारात आला आणि खिडकीतून सोन्याची पिशवी आत टाकून निघून गेला. "पण दारातून का नाही दिली?" मी विचारलं. प्रश्न विचारल्याशिवाय गोष्ट सांगणं मला जमत नाही. एक मल्याळी मुलगा म्हणाला, दारात कुत्रा असेल. एक म्हणाली, तो लाजाळू असेल.

"नो," मी म्हणाले. "लाज त्या बापाला होती." आणि तो बाप कसा राहत असेल ते मी रंगवून सांगायला लागले. धंदा बुडाल्याचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तो दिवसभर घरात बसायचा, पडदे ओढून, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. हे पडदे कुठल्याही पुस्तकात नाहीत. ते माझे. कुठून सुचले, ते त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंही नाही.

"लाइक माय डॅडा," वरची मुलगी म्हणाली.

ती पुढच्याच रांगेत बसली होती, पांढऱ्या फ्रॉकमध्ये. ती उभी राहिली. "ही डझन्ट गो टू ऑफिस, आंटी. ही पार्क्स द कार बिहाइंड द सुपरमार्केट अँड वॉक्स बॅक. वी कीप द कर्टन्स क्लोज्ड सो यू डोन्ट सी." मग तिने वर आपल्या खिडकीकडे पाहिलं आणि शाळेत कविता म्हणतात तशा मोठ्या, खणखणीत आवाजात विचारलं, "विल ही कम टू अवर विंडो?"

त्या वाक्यातली 'यू' मीच होते. सगळ्या व्हिलात ते मुख्य माझ्यापासूनच लपवत होते. माझ्या तोंडाच्या भीतीने एक माणूस महिनाभर सुपरमार्केटमागे गाडी लावून चोरासारखा आपल्याच घरात शिरत होता.

मी मान वर केली तर तो जिन्यावर होता, अर्ध्यात. लाल कपडे, दाढी दोऱ्याने कानाला बांधलेली, हातात घंटी. त्याने सगळं ऐकलं होतं. तो परत वर जाईल असं मला वाटलं. तो खाली आला. घंटी वाजवली, हो हो हो म्हणाला आणि सोळाच्या सोळा नावं पुकारून भेटी दिल्या. स्वतःच्या मुलीला मांडीवर घेऊन दिली. मॅनेजरने बिर्याणी खाल्ली, निघताना सांताशी हात मिळवला आणि "गुड पार्टी" म्हणाला. सहाच्या सुमाराला आम्ही सतरंज्या झटकत होतो तेव्हा वरून एका चापटीचा आवाज आला. रडण्याचा आला नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मी भर अंगणात, पोराच्या हातून उघडून घेतली.

रविवारी त्याला मॅनेजरच्या ऑफिसमधून फोन आला की ती जागा सध्या भरायची नाही. मी नवऱ्याकडून पत्ता मिळवला आणि वरच्यांना न सांगता त्या ऑफिसात गेले. मॅनेजरने मला चहा पाजला. मी म्हणाले, माणूस चांगला आहे, कामात चोख आहे, नोकरी गेली यात त्याचा काय दोष. तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, नौकरी तो आजकल सबकी जा रही है. उसने सच बोला होता तो भी मैं सोचता. लेकिन परचेस में मैं झूठ बोलनेवाला आदमी कैसे बिठाऊँ?" खरं बोलला असता तर त्याने खरंच विचार केला असता का, हे मला आजही ठाऊक नाही. माझा विश्वास नाही.

त्याच संध्याकाळी मी वर गेले आणि त्याची माफी मागितली. तो पुस्तकं खोक्यात भरत होता. "वहिनी, जाऊ द्या," तो म्हणाला. "पोरगी आहे, बोलली." मी म्हटलं, "पोरगी नाही, मी बोलले." त्याने खोक्याला टेप लावायला सुरुवात केली. पोरगी आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही, आणि मी तिला हाक मारली नाही.

मग मी बिशप व्हायचं ठरवलं. आता हसू येतं, म्हणजे हसू येत नाही. जानेवारीत पहाटे फजरच्या अजानला उठायचं, तांदूळ, तेल, दुधाची पावडर, मुलीसाठी रंगपेट्या अशी पिशवी भरायची आणि पायताण न घालता जिना चढून त्यांच्या दाराशी ठेवायची. चिठ्ठी नाही, काही नाही. पहिल्या दिवशी मुलगी उठायच्या आत पिशवी माझ्या दाराशी परत आलेली होती. मला वाटलं, त्यांना वाटलं असेल कुणी चुकून ठेवली. आठवड्याने पुन्हा ठेवली. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी ती स्वतः खाली आली. दोन्ही हातांनी पिशवी धरून, केस न विंचरता.

"ताई, आता नका ठेवू," ती म्हणाली.

"मी नाही ठेवली," मी म्हणाले.

"ती गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना? मग पिशवी कुणी ठेवली ते आम्हाला कळणारच की." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. "ह्यांनी पाहिली तर त्यांना वाटेल, सगळी व्हिला आम्हाला पोसायला निघाली. मुलीनेही पाहायला नको. ती अजून लहान आहे." तिने पिशवी माझ्या उंबऱ्याच्या आत ठेवली आणि वर गेली.

बूँद से गयी वो हौद से नहीं आती. मी तर तीन पिशव्याच भरल्या होत्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते गेले. त्याने माझ्या नवऱ्याला मिठी मारली, मला हात जोडून नमस्कार केला. ती म्हणाली, "येते, ताई." मुलगी टॅक्सीत आधीच जाऊन बसली होती आणि पलीकडच्या काचेतून बघत होती. पुढच्या नाताळात अंगणात कुणी सतरंज्या घातल्या नाहीत.

त्यांची खबर अधूनमधून कळायची. वसईत त्याला एका गोदामात काम मिळालं, पगार तिकडच्या चौथाईने. मग तो एकटाच मस्कतला गेला, पाच वर्षं राहिला, छातीचं दुखणं घेऊन परत आला. आम्ही पुण्याला परतलो त्याच्या पुढच्या वर्षी तो वारला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता. मी तिला फोन केला. बोलता बोलता ती म्हणाली की मुलगी कॉलेजात आहे, हुशार आहे, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. तोंडी परीक्षेत नापास होते. "लहानपणी किती बोलायची, आठवतं ना ताई?" एवढंच म्हणाली. मी दुसऱ्याच आठवड्यात वसईला गेले.

विहिरीला लागून घर, पुढे चिकूचं झाड. भिंतीवर त्याचा फोटो, खाली छोटा लाल दिवा. मुलगी उंच झाली होती, बापासारखी काटकुळी. आई चहा करायला आत गेली तेव्हा मी तिच्याजवळ बसले आणि जे बोलायला आले होते ते बोलून टाकलं. म्हटलं, "बाळा, त्या दिवशी चूक माझी होती. तू लहान होतीस. तुझ्या तोंडून चुकून निघून गेलं, त्यात तुझा काही दोष नाही."

तिने बापाच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "चुकून नाही निघालं, आंटी." आता ती मराठी बोलत होती, वसईच्या हेलाने. "तुम्ही म्हणालात ना, त्याला खिडकीतून ऐकू आलं. मम्मी आणि डॅडा तर कुणालाच सांगत नव्हते. मग त्याला कळणार कसं? म्हणून मी मुद्दाम मोठ्याने बोलले."

आई ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

"मग मी रोज खिडकी उघडी ठेवून झोपायचे," मुलगी म्हणाली. "डॅडा रागवायचे, थंडी येते म्हणून. मी ते झोपले की पुन्हा उघडायचे. टॅक्सी आली त्या दिवसापर्यंत." ती जरा हसली, स्वतःलाच. "मोठी झाल्यावर कळलं, तसं काही नसतं. पण तेव्हा मला वाटायचं, आपण सांगितलं म्हणून डॅडाची मिळणारी नोकरी गेली, आणि इतकं सांगूनही तो आला नाही. म्हणजे बोलून काय उपयोग." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "कुणी आलं होतं का हो? तुम्ही खालीच होतात. तुम्हाला सगळं दिसायचं."

तिच्या आईने ट्रे खाली ठेवला नव्हता. तीनदा ठेवलेल्या आणि तिने तीनदा परत केलेल्या पिशवीचं फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मान हलवत नव्हती, ना हो म्हणून, ना नाही म्हणून. तिच्या नवऱ्याला जाऊन तीन महिने झाले होते आणि घरात आता त्या दोघीच होत्या.

आयुष्यभर मी लोकांना खरं काय ते सांगत आले.

"नाही," मी म्हणाले. "कुणी नाही आलं."